बुडव्यांची वकील

लग्नाच्या पंगतीत, रात्रीच्या एसटीत, कोर्टाच्या बार रूममध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना. प्रश्न तोच. ‘तुम्ही कर्ज बुडवणाऱ्यांच्या केसेस घेता ना? काही वाटत नाही का हो?’ विचारणारे बहुधा स्वतःचे हप्ते वेळेवर भरणारे असतात. आजवर मी हसून वेळ मारून नेली. पण परवा माझ्या भाचीने हेच विचारलं, आणि ती एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तेव्हा एकदा काय ते सांगून टाकते.

आधी हे ऐका की मी पलीकडूनच इकडे आले. २००२ साली सरफेसी कायदा आला तेव्हा मी बँकेच्या वकिलांच्या पॅनलवर होते. दिवाणी दावा न लावता गहाण घराचा ताबा घ्यायचा, ही त्या कायद्याची ताकद. कलम १३(२)च्या नोटिसा मी गठ्ठ्याने काढल्या आहेत: ६० दिवसांत सगळी रक्कम भरा, नाहीतर. कर्जदाराला दाद मागायची तर आधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागे. ती अट सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात काढून टाकली, तेव्हा मी चिडले होते. आता हे लोक फुकटात भांडत बसणार, असं मी शाखाधिकाऱ्यांना म्हटल्याचं चांगलं आठवतं.

त्या वेळची मी आज समोर बसली तर म्हणेल, सही करताना बोट कोणी धरलं होतं का? तिचं सगळंच चूक नव्हतं. बँकेतला पैसा कुणाच्या तरी ठेवीचाच असतो. सहकारी बँकेला टाळं लागल्यावर पासबुकं घेऊन उभे राहिलेले म्हातारे मीही पाहिलेत.

बाजू बदलली ती तत्त्वासाठी नाही. पॅनलची बिलं आठ-आठ महिने निघत नसत, आणि कर्जदार, कसे का होईना, फी आणून देत. तत्त्व मागाहून आलं. आलं तेही अर्धवटच.

खरे बुडवे माझ्यासारखीकडे येतच नाहीत, त्यांचे वकील मुंबईत असतात. माझ्याकडे येतो तो अठ्ठावन्नाव्या दिवशी येतो. पिशवीत न फोडलेली पाकिटं असतात. पहिला प्रश्न, ‘पोस्टमनकडून घेतलीच नाही, तर नोटीस लागू होत नाही ना?’ होते. नाकारलेली नोटीस मिळाल्यातच जमा धरतात. हे मी किती वेळा सांगितलं असेल! दुसरा प्रश्न, ‘स्टे मिळेल ना?’ कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की पन्नास हजार टाकले की स्टे येतो. स्टे ही जणू दुकानातली वस्तू.

आणि घरात कुणाला माहीत नसतं. हे मला सगळ्यात जड जातं.

आता त्या मागवाल्यांविषयी. नाव-गाव सांगत नाही.

नवरा खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर, यंत्रमाग चालवायचा. घर बायकोच्या नावावर, तेच गहाण. आधी नोटाबंदी, मग जीएसटी, त्यात हप्ते थकून खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, झालं. बाकी ३८ लाख. त्यांनी बँकेला रीतसर हरकत पत्र दिलं होतं. कलम १३(३अ) म्हणतं की बँकेने त्याला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं. बँकेने दिलं नाही. सरळ दारावर ताबा नोटीस चिकटवली, दोन पेपरांत छापली. सांकेतिक ताबा, माणसं आतच. ताब्याविरुद्ध डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, दाद मागायची मुदत ४५ दिवसांची; त्या मुदतीत ते दोघं माझ्याकडे आले. कागद वाचताना मला जो आनंद झाला तो लपवत नाही. इतकी सरळ चूक हाती क्वचित लागते.

त्याच आठवड्यात बँकेने तडजोडीची तयारी दाखवली होती: एकरकमी ३३ लाख. गल्लीतला एक व्यापारी घराचे ५५ द्यायला तयार होता. म्हणजे कर्ज फिटून २२ लाख हातात, शिवाय माग मोकळे. नवरा म्हणाला, ‘मॅडम, विकून टाकू का?’

मी म्हटलं, ‘घाई कशाला? आपली बाजू भक्कम आहे.’

कायद्याच्या दृष्टीने या वाक्यात काही खोटं नव्हतं. एकोणीस महिने मी पुण्याला डीआरटीत खेपा घातल्या. निकाल आमच्या बाजूने लागला, ताब्याची कारवाई रद्द झाली. नवरा पेढे घेऊन आला. मी दोन खाल्ले.

पुढच्याच महिन्यात बँकेचं हरकत पत्राला उत्तर आलं. चार ओळी. चूक दुरुस्त झाली, आणि गाडी तिथूनच पुन्हा सुरू. मूळची १३(२)ची नोटीस तर शाबूतच होती. एव्हाना व्याज धरून आकडा ५१ लाखांवर गेला होता. तडजोडीची मुदत कधीच संपली होती आणि व्यापाऱ्याने दुसरीकडे जागा घेतली होती. पुढे कलम १४खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला. प्रत्यक्ष ताब्याच्या दिवशी मी गेले होते. वकिलाचं तिथे काही काम नसतं. तहसीलचा माणूस पंचनाम्यात लिहीत होता: स्टीलचं कपाट एक, भिंतीवरील घड्याळ एक. बाई पायरीवर बसल्या होत्या. रडत वगैरे नव्हत्या. खरंच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, ‘ताई, आपण जिंकलो होतो ना? मग ही माणसं कशी काय आली?’

मी कलमं सांगायला लागले. त्यांनी ऐकूनही घेतलं.

लिलावात घर ४६ लाखांना गेलं. उरलेल्या पाच लाखांसाठी जामीनदार दिराच्या मागे तगादा लागला. माग भंगारात किलोच्या भावाने गेले. मी फी परत करायला गेले तर नवरा म्हणाला, ‘तुमचं काम तुम्ही केलंत की.’ शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

यात माझी चूक किती? बँकेने कायदा मोडला होता, ते दाखवून देणं हेच माझं काम. कुणीच दाखवलं नाही तर उद्या उत्तर न देताच घरं जातील. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय, आणि ते पटतंही. पण ३३ आणि ५५ हे दोन आकडे मी त्या दिवशी कागदावर एकाखाली एक मांडले नाहीत. त्याला वकिली लागत नव्हती, वजाबाकी लागत होती.

आता मांडते. नवरा-बायको दोघं समोर बसल्याशिवाय वकीलपत्र घेत नाही. फाइल उघडण्याआधी खात्याचा उतारा मागते आणि विचारते, आज विकलं तर काय येईल? वर्षभर लढलात तर व्याज किती चढेल? लिलावाची जाहिरात आली की पैसे भरून मालमत्ता सोडवायचा हक्कही संपतो, हे पहिल्याच भेटीत सांगते. निम्मे उठून जातात, दुसरा वकील गाठतात. तो त्यांना स्टे आणून देतोही.

बरं, या शहाणपणाचाही भरवसा नाही. एका शिक्षकाला मी असंच समजावून घर विकायला लावलं. सात महिन्यांनी त्याच्या भावाकडून शेताच्या वाटणीचे पैसे आले. कर्ज फिटून वर उरले असते. मी लढले असते तर सात महिने सहज निघाले असते, त्याच्याही कागदात चूक होतीच. तो अजून रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. मी चष्मा पुसत बसते.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘पण मावशी, मी विचारलं होतं की तुला काही वाटतं का.’

काल संध्याकाळी एक फोन आला. नोटिशीचा पंचावन्नावा दिवस, म्हणजे तसे लवकरच म्हणायचे. घर आईच्या नावावर आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं, उतारा आणा आणि आईंना घेऊन या. ते जरा थांबले, मग म्हणाले, ‘मॅडम, आमच्या गल्लीत सगळे तुमचंच नाव सांगतात. ती मागवाल्यांची केस तुम्हीच जिंकली होतीत ना?’

मी हो म्हटलं.