अंगी लागणं

चष्मा काढला. घड्याळ काढलं. केसांची क्लिप काढली. मंगळसूत्र काढावं की नको यावर जरा घुटमळून तेही बेसिनच्या कडेला ठेवलं आणि काट्यावर उभी राहिले. खाली पाहिलं तर आकडा दिसेना, कारण चष्मा बेसिनवर. वजन कमी भरावं म्हणून चष्मा काढायचा आणि मग आकडा वाचायला नवऱ्याला हाक मारायची, हा प्रयोग गेले सहा आठवडे दर सोमवारी सकाळी आमच्या घरी होतो.

“बहात्तर पॉइंट सहा,” हे म्हणाले. गाडी पाऊण तास उशिरा धावत असल्याची घोषणा करतात ना, त्या आवाजात.

सुरुवात केली तेव्हा ७१.४ होतं.

म्हणजे सहा आठवडे साखर बंद, भात जवळजवळ बंद, रात्री मुगाचं धिरडं. पहाटे उठून नाशकातल्या कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या. आठवड्यातून तीनदा जिममध्ये, माझ्या विद्यार्थ्याएवढ्या एका पोराच्या देखरेखीखाली उठाबशा, ज्या शाळेत शिक्षा म्हणून काढल्या होत्या त्या आता महिन्याची फी भरून. आणि या सगळ्याची कमाई एक किलो दोनशे ग्रॅम.

यांनी मला सोबत म्हणून चहातली साखर सोडली होती. त्यांचं तीन किलो उतरलं. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही.

सासूबाई बाहेर पेपर वाचत होत्या. त्यांना आकडा कळला तेव्हा म्हणाल्या, “अगं, मग चांगलंच झालं की. व्यायाम अंगी लागला.”

त्यांचा टोमणा नव्हता. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला ते खरोखरच चांगलं वाटतं. आपली भाषाच मुळी त्यांच्या बाजूची आहे. मूल बाळसं धरतं. मुलगी सासरी जाऊन ‘भरते’. आजारातून उठलेल्या माणसाची ‘तब्येत सुधारली’ म्हणजे काय झालं, तर तो जाड झाला. उलट कुणी बारीक झालं की लगेच काळजीचा सूर, “किती उतरलीस गं, बरं नाही का?” खाल्लेलं अंगी न लागणं हे दुर्दैव, आणि अंगी लागणं हा आशीर्वाद. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या पाहिल्या, त्यांच्या तोंडी दुसरी कुठली भाषा असणार? पन्नास वर्षांत गोष्टी उलट्या झाल्या, शब्द तिथेच राहिले. मी बारीक होण्यासाठी पैसे मोजते हे सासूबाईंना पटतं, पण समजत नाही. विमान कसं उडतं हे पटतं, तसं.

माझं माहेर मनमाडचं. स्टेशनवर वजनाचं एक उंच यंत्र होतं, काचेमागे रंगीत दिवे आणि गरगरणारी चक्रं. वडील नाणं द्यायचे. आत काहीतरी खडखडायचं आणि जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट खालच्या वाटीत पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भावंडं आधी भविष्य वाचायचो. वजनाची बाजू वडील वाचायचे आणि आकडा वाढलेला असला की आईला कौतुकानं सांगायचे. परवा जिममधल्या यंत्रानंही मला भविष्य सांगितलं. वय एकोणपन्नास भरलं होतं, तर त्यानं ‘शरीराचं वय ५८’ असा निकाल दिला. यंत्रांनी भविष्य सांगणं सोडलेलं नाही, फक्त चांगलं सांगणं सोडलंय.

तर पहिला संशय अर्थातच काट्यावर. दुकानदार काटा मारतो हे आपल्या रक्तातच भिनलेलं असतं. त्यातून मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी अकरावीचं पहिलं प्रकरण एकके आणि मापन, त्यात उपकरणाची शून्य त्रुटी. (किलोत मोजतो ते वस्तुमान, वजन नव्हे, हेही मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. चंद्रावर गेले तर माझं वजन एक षष्ठांश होईल, पण वस्तुमान हेच राहील. घरी येऊन मी ‘वजन वाढलं’ असंच म्हणते.) काटा स्वयंपाकघरात नेला, ७२.५. हॉलमधल्या थोड्या उचललेल्या फरशीवर ७१.९. बाथरूमच्या दाराशी मऊ पायपुसण्यावर ठेवला तर चक्क ६८! तीन दिवस मी पायपुसण्यावर श्रद्धा ठेवली. चौथ्या दिवशी भौतिकशास्त्राची लाज वाटून पाच किलो आट्याची न फोडलेली पिशवी कडेवर घेतली आणि कडक, सपाट फरशीवर उभी राहिले. आकडा बरोबर पाचनं वाढला. निदान फरक मोजण्यात काटा प्रामाणिक होता.

मग थायरॉइड. रक्त दिलं, रिपोर्ट आला, नॉर्मल. हे सगळ्यांना आनंदानं सांगितलं, पण आतून थोडी निराशाच झाली.

सुटका केली ती लेकीनं. ती फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, ते पाणी आहे.”

तिचं म्हणणं असं. स्नायूंना सवय नसलेलं काम दिलं की त्यांच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ‘आई गं’ होतं ते त्यामुळेच. दुरुस्तीसाठी तिथे थोडी सूज येते, आणि सूज म्हणजे पाणी. शिवाय शरीर साखरेचा हाताशी असावा असा साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं, ग्लायकोजेन म्हणून. सगळा मिळून अर्धा किलोच्या आसपास. पण त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही बांधलेलं असतं, आणि व्यायाम करणारा स्नायू हा साठा वाढवायला शिकतो. त्यात आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल तर मीठ आणखी पाणी धरून ठेवतं. माझ्या वयात महिन्याचं वेळापत्रक कोलमडलेलं, त्याची भर वेगळीच. एक किलो चरबी अंगावर चढायची तर गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात, तेवढं तू खाल्लं आहेस का? नाही ना? मग.

“आणि डाएटच्या पहिल्या आठवड्यात ज्यांचं वजन झपकन उतरतं ना, तेही बरंचसं पाणीच असतं.”

“म्हणजे बाबांचं तीन किलो...”

ती गप्प बसली. आईवडिलांच्या मध्ये न पडणं हे त्यांना बहुधा पहिल्याच वर्षी शिकवतात.

मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. काट्यावर नव्हे, एरवी. आणि आठवला तो पॅरिसजवळच्या सेव्हरचा किलो, ज्याची गोष्ट मी पोरांना दरवर्षी सांगते. १८८९ पासून जगात एक किलो म्हणजे किती, हे तिथल्या तिजोरीत काचेच्या हंड्यांखाली ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल ठरवायचा. त्याच धातूच्या त्याच्या प्रती देशोदेशी गेल्या. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ५७ क्रमांकाची आहे. अधूनमधून या भावंडांची एकमेकांशी तुलना व्हायची आणि शंभरेक वर्षांत लक्षात आलं की मूळ किलो आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडलाय. आता मूळ किलो रोडावला की प्रती जाड झाल्या? सांगताच येईना. कारण किलो कशाला म्हणायचं, तर त्यालाच! अखेर २० मे २०१९ पासून त्याला निवृत्ती दिली आणि किलोची व्याख्या निसर्गातल्या कधी न बदलणाऱ्या एका आकड्यावर, प्लांकच्या स्थिरांकावर, नेऊन टेकवली. पोरं हसतात. मी मात्र यंदा त्या प्रतींचा विचार करत राहिले. बंद खोलीत हंडीखाली वर्षानुवर्षं बसलेल्या, खाणं नाही, पिणं नाही, आणि तरी कदाचित त्यांचं वजन वाढलं असेल. मग माझ्यासारखीनं काय करावं?

ट्रॅकवर मी ‘पाणी आहे’ हे मत सगळ्या मैत्रिणींना वाटून टाकलं. आमच्या घोळक्यात दिवसातून दोनदाच जेवणाऱ्या दोघी आहेत, तुपाला घाबरू नका म्हणणाऱ्या तिघी आहेत आणि सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिणाऱ्या बाकी सगळ्या. पाणी सगळ्या पंथांना मान्य झालं. सातव्या आठवड्यात ७२.४. पाणीच. आठव्यात ७२.७. पाणी. नवव्या आठवड्यात मीच लेकीला फोन करून विचारलं, “अगं, पाणी किती दिवस टिकतं?”

“काही आठवडे,” ती म्हणाली. “आता खाल्लेलं सगळं लिहायला वही घाल.”

वहीच्या सल्ल्याबरोबर तिनं एक जुना शोधनिबंधही पाठवला. आईला थेट बोलायला नको म्हणून पाठवला असावा. १९९२ सालचा, न्यूयॉर्कचा. दिवसाला १,२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणारी दहा माणसं डॉक्टरांनी तपासली. त्यांचं चयापचय अगदी ठीक निघालं. फक्त ती जेवढं खात होती त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती, आणि हालचाल ५१ टक्के जास्त. मी ते दोनदा वाचलं. मला त्यातलं दहावं माणूस ओळखीचं वाटलं.

वहीचा पहिला दिवस सोपा गेला. पोहे एक वाटी, जेवणात दीड भाकरी, संध्याकाळी एक सफरचंद. दुसऱ्या दिवशी ठरवलं, तोंडात जाईल ते सगळं लिहायचं. तेव्हा कळलं की स्वयंपाकघरात एक दुसरीच बाई राहते आणि ती दिवसभर जेवत असते. आमटीची चव. मीठ घातल्यावर पुन्हा चव. दाण्याचं कूट करताना भाजलेले दाणे, सोलता सोलता. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम धरले तर पावणेदोनशे कॅलरी. एवढ्यासाठी ट्रॅकवर अर्धा-पाऊण तास चालावं लागतं. पातेल्याच्या तळाशी राहिलेला वरणभात, कारण एवढासा काय फ्रिजमध्ये ठेवायचा. यांनी पानात सोडलेली अर्धी पोळी, कारण अन्न टाकू नये. म्हणजे यांचं तीन किलो सगळंच पाणी नव्हतं तर. त्यातलं काही माझ्याकडे आलं होतं.

संकष्टीला साबुदाण्याची खिचडी. उपास म्हणून मी ती डाएटच्या खात्यातच धरत होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट, वर तूप, आणि ‘आज दुसरं काही खायचं नाहीये ना’ म्हणून दुसरी ताटली. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मी लहानपणापासून दुसऱ्यांना ऐकवत आलेय. आणि रविवार. रविवारी आम्ही ट्रॅकवर दोन फेऱ्या जास्त मारतो, कारण नंतर मिसळ खायची असते. नाशकात राहून रविवारी सकाळी मिसळ न खाणं हे बरं दिसत नाही. चुलीवरची तर्री, फरसाण, पापड, दही, रस्सा हवा तेवढा. पाव दोन म्हणायचे आणि तिसरा रस्सा उरला म्हणून. तासभर झपाझप चालून साधारण अडीचशे कॅलरी खर्ची पडतात. त्या मिसळीच्या पहिल्या दोन पावांतच परत येत असाव्यात. बाकीचं व्याज.

हे सगळं वाचून मी रागावले नाही, उलट मजाच वाटली. निदान हिशेब जुळत होता. माझ्याकडे कुठला चमत्कार घडत नव्हता, एवढंच.

गेल्या सोमवारी सगळे विधी उरकून काट्यावरून उतरत होते, ७२.१, तर सासूबाई मागे उभ्या. “मलाही बघू दे गं एकदा,” म्हणाल्या. भिंतीला हात धरून चढल्या. मी म्हटलं, “आई, हात सोडा, नाहीतर आकडा खोटा येतो.” त्यांनी हात सोडला, मी मागून नुसते हात पुढे करून उभी राहिले, न टेकवता.

४१.३.

दिवाळीच्या सुमाराला दवाखान्यात केलं होतं तेव्हा ४५ होतं. मला आठवत होतं. त्यांनाही.

“काटा बिघडलाय वाटतं,” त्या म्हणाल्या.

“फरशी उचललीय इथली,” मी म्हटलं.

हे ऑफिसला गेल्यावर मी रवा भाजायला घेतला. साजूक तूप घातलं, मोजलं नाही. दूध घालून सरसरीत शिरा केला, त्यात वेलची आणि बेदाणे. त्यांना दातामुळे बदाम चालत नाहीत, ते पूड करून घातले. दुपारी डॉक्टरांची वेळही घेतली. वाटीत शिरा वाढून त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्या नेहमीसारखं म्हणाल्या, “एवढा कशाला गं? अंगी थोडाच लागणार आहे आता.” आणि एक चमचा माझ्यापुढे धरला. “गोड बेताचं झालंय का बघ. तू घे आधी.”

घेतला. मग त्यांनी आणखी एक पुढे केला, तोही घेतला, कारण हा चमचा मी परत केला तर त्याही वाटी बाजूला ठेवतील हे मला ठाऊक होतं. वाटी संपेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

संध्याकाळी वही काढली. लिहिलं, ‘शिरा, अर्धा चमचा, चव बघण्यापुरता.’ थोडा वेळ बघत राहिले. मग ‘अर्धा’ खोडून ‘पाच’ केलं.