तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेकचं पेडल एकदम खाली का गेलं?

"जुनी मारुती 800 आहे. कालपर्यंत ब्रेक मस्त लागत होता, आज पेडल थेट खाली टेकलं. मास्टर सिलिंडर गेला का?"

माझं गॅरेज वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. त्यामुळे हा फोन मला नेहमीचाच. (मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल दाबानं चाकांकडे ढकलणारा पंप.) माझं उत्तरही ठरलेलं असतं: बॉनेट उघडा, ब्रेक ऑइलची बाटली बघा, आणि मी बघेपर्यंत तिच्यात थेंबही टाकू नका. लोक घाबरून आधी ऑइल भरतात आणि मग मला विचारतात. किती कमी झालं होतं, हेच मग कळत नाही, आणि सगळा तपास तर तिथूनच सुरू होतो.

बाटली रिकामी असेल तर ऑइल कुठेतरी गळतंय. चारही टायरच्या आतल्या बाजूला ओली रेघ शोधा. माझा पहिला संशय मागच्या व्हील सिलिंडरवर, म्हणजे चाकाजवळ ऑइलच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या छोट्या सिलिंडरवर. ऑइल ड्रमच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या) आत गळतं, लाइनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) भिजवतं आणि बाहेर दिसायला वेळ लावतं. त्यानंतर होज पाइप, मग स्टीलच्या नळ्या. कोकणातून आलेली गाडी असेल तर मी नळ्या आधी बघतो, खारी हवा त्यांना खाते. कुठेच ओलं नाही आणि तरी ऑइल कमी होतंय? मग मास्टर सिलिंडरचा मागचा सील गेलेला असतो आणि गाडीला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा, मास्टरच्या मागचा गोल डबा) असेल तर ऑइल गुपचूप त्यात जातं. मास्टरचे दोन नट काढून तो जरा पुढे ओढला की मागे ओल दिसते.

बाटली भरलेली असेल तर मात्र तुमचा अंदाज बरोबर असू शकतो. गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि पेडलवर हलकाच पाय ठेवून थांबा. हलकाच, कारण जोरात दाबलं तर झिजलेला सीलही कधी कधी दाब धरतो आणि फसवतो. पेडल सावकाश खाली सरकत गेलं तर मास्टरच्या आतले सील दाब धरत नाहीत. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येऊन तिथेच राहत असेल, तर लाइनमध्ये हवा असेल किंवा मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे, लाइनर लावलेले तुकडे) सैल असतील. तेवढ्यासाठी नवा मास्टर घेऊ नका. (पेडल दगडासारखं घट्ट होत असेल तर ती बूस्टरची तक्रार, तिचा इथे संबंध नाही.)

"काल एअर काढून घेतली आणि आज ब्रेक गेला, मेकॅनिकनं बिघडवलं," हेही ऐकतो. (एअर काढणं म्हणजे पेडल दाबून लाइनमधली हवा बाहेर घालवणं.) रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन ठरावीक अंतरच सरकतो. तो जिथे पोचत नाही त्या पुढच्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि गाळ साचतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्या खरबरीत भागावरून जातो आणि फाटू शकतो. म्हणून एअर काढताना मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो, म्हणजे ते तळापर्यंत जात नाही.

सगळ्यात चकवणारी तक्रार महाबळेश्वरहून उतरणाऱ्यांची. घाटात पेडल गेलं, अर्धा तास थांबले, चहा प्यायले, ब्रेक परत आला. माझ्याकडे येईपर्यंत गाडी ठणठणीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 (डॉट हा बाटलीवर लिहिलेला ब्रेक ऑइलचा दर्जा) चं ऑइल नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको, पण पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 मध्ये 230 ची 155 होते. उतारभर ब्रेकवर पाय ठेवला की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, पुढे दाब पोचवत नाही. अशा वेळी मी पार्ट बदलत नाही. सगळं ऑइल बदलतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला सांगतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणारे माझ्याकडे कमीच येतात, पार्टचं दुकान चालवणाऱ्यांना ते कदाचित आवडत नसावं.

चालत्या गाडीत असं झालं तर पेडल भराभर पंप करा, गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. तो केबलवर चालतो, ऑइलवर नाही. चावी बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

आणि गाडी माझ्याकडे दोरीनं ओढत आणू नका. ओढणाऱ्यानं ब्रेक मारला तर मागच्याला थांबता येणार नाही. क्रेन बोलवा.