कांद्याच्या पट्टीपासून पालखीच्या तळापर्यंत

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा हंगाम सुरू झाला की आडत्याच्या गाळ्यावर मुनीमजींना मान वर करायला सवड नसते. आमच्या फर्मचं पहिलं काम तिथलंच, हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर. वजन, भाव, हमाली, तोलाई, भाडं, उचल आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. तयार सॉफ्टवेअर तेव्हाही मिळत होती, पण त्यांतल्या रकान्यांचा क्रम मुनीमजींच्या हाताच्या सवयीचा नव्हता. आम्ही छापील पट्टी जशी होती तशीच पडद्यावर उतरवली. एकाही मुनीमजींना वेगळं शिकवावं लागलं नाही. त्या कामाच्या वार्षिक देखभालीवर आमचं छोटं ऑफिस आजही उभं आहे आणि वारीचं ॲप विनामूल्य ठेवणं त्यामुळेच जमतं.

2020 आणि 2021 ही दोन वर्षं कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. 2022 ला पायी वारी पुन्हा सुरू होणार म्हटल्यावर आमचे एक जुने ग्राहक, गाळ्यावर आडते आणि वारीत दिंडीचे कारभारी, ऑफिसात आले. म्हणाले, "माउली, तुम्ही एवढं कॉम्प्युटरचं करता. दिवसभर चाललेल्या माणसाला संध्याकाळी आपली गाडी सापडत नाही. तेवढं बघा."

वारीत न गेलेल्यांसाठी थोडं सांगतो. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. वारकरी पालखीबरोबर चालतात, पण तंबू, शिधा, भांडी, वळकट्या हे सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये असतं आणि ट्रक पुढच्या मुक्कामाला आधीच निघून जातो. लोणंद असो, फलटण असो की वेळापूर, तिथे कोणी शाळेच्या आवारात, कोणी ओढ्यापलीकडच्या रानात, कोणी ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर उतरतं. गेल्या वर्षीची जागा यंदा मिळेलच असं नाही. शेतात ऊस असला, पाऊस पडून चिखल झाला, की गाडी दुसरीकडे. मग साठी-सत्तरीतली माणसं अंधारात "अमक्या महाराजांची दिंडी कुठं उतरली?" असं विचारत फिरतात. पायाला फोड आलेले असतात आणि तो शेवटचा दीड-दोन किलोमीटर दिवसभराच्या चालण्यापेक्षा जड जातो.

आम्ही आधी तिथे चाललो. संपूर्ण टीम, डिझाइन करणाऱ्या मुलीसकट. जे दिसलं त्यावरून ॲप ठरलं.

पहिलं म्हणजे नेटवर्क. दिवे घाटात फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि फोन लागत नाही, कारण एका टॉवरवर पेलवतील त्यापेक्षा कितीतरी जास्त फोन त्या अंगाला लोटलेले असतात. अशा ठिकाणी ओटीपी मागणारं ॲप उघडतच नाही. म्हणून आम्ही लॉगिनच ठेवलं नाही. मुक्कामांची यादी, नकाशा, दवाखान्याचे तंबू, टँकर, शौचालयं, दिंड्यांची माहिती हे सगळं निघण्याआधी फोनमध्ये उतरवून घ्यायचं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, फोन उपग्रहाचे संकेत फक्त ऐकतो. नेट नसेल तर सुरुवातीला ठिकाण धरायला थोडा वेळ लागतो, इतकंच. त्यामुळे नकाशा फोनमध्ये असला की वाट दाखवता येते.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. हल्ली काळ्या पार्श्वभूमीची फॅशन आहे, पण उघड्या माळावर उन्हात त्यावरचं काही वाचता येत नाही. आम्ही पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवली, मोठी. देवनागरीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वेलांट्या, रफार आणि उकार कापले जातात, 'र्व' सारखी अक्षरं चुरगळतात. बटणं जवळजवळ अंगठ्याएवढी. पावसाचे थेंब पडले की पडदा भलतीकडेच दाबल्यासारखं वागतो, तेव्हा दोन बटणांमध्ये भरपूर मोकळी जागा लागते.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा होता दिंडीचा पत्ता.

वारीला स्वतःची शिस्त आहे आणि ती कोणत्याही ॲपच्या कितीतरी आधीची आहे. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला जे रूप दिलं, त्यात प्रत्येक दिंडीला ठरलेली जागा आणि क्रमांक आहे. काही रथापुढे, बाकीच्या रथामागे. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या, हे कोणीही वारकरी सांगेल. आमचा पहिला पडदा त्यावरून झाला. पालखी कोणती, रथापुढे की रथामागे, आणि क्रमांक. बस्स. टाइप करायला फक्त आकडे. पालखी विचारावीच लागते, कारण वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात आणि रथामागे तोच क्रमांक तुकोबारायांच्या सोहळ्यातही असतो.

हरवलेल्या आजींना मात्र क्रमांक आठवत नाही. त्या सांगतात, "आमची दिंडी अमुक गावची, महाराजांचं नाव तमुक." म्हणून स्वयंसेवकांसाठी गाव आणि महाराजांच्या नावावरून शोध ठेवला. एकच गाव चार जण चार प्रकारे लिहितात, ऱ्हस्व-दीर्घ, श-ष, अनुस्वार असलेलं-नसलेलं. शोधताना हे सगळे फरक एकच धरले जातात. ही बारीक कामं पडद्यावर दिसत नाहीत, पण माझ्या मते ॲप सोपं असणं म्हणजे नेमकं हेच. बटणं कमी करणं हा त्यातला लहान भाग.

गाडी शोधण्याचा प्रश्न आम्ही चालकाच्या हाती दिला. ट्रक उभा राहिला, दोर ताणले गेले की चालकाने एकच बटण दाबायचं, "गाडी लागली". त्या जागेचे अक्षांश-रेखांश, दिंडीचा क्रमांक आणि वेळ एवढंच जातं, चार ओळींच्या मेसेजपेक्षाही हलकं. त्यामुळे नेट क्षणभर आलं तरी पोहोचतं. नाहीच आलं तर साधा एसएमएस आपोआप लिहून तयार होतो, चालकाने "पाठवा" म्हणायचं. तो विणेकऱ्यांच्या किंवा दिंडीतल्या एखाद्या तरुणाच्या फोनवर आला की तिथून पुढे ॲप बाण दाखवतं, इतके मीटर, या दिशेला. सगळ्यांकडे स्मार्टफोन असण्याची गरज नाही. वारकरी एकटा चालत नाही, दिंडीत दोन-तीन फोनांना हे कळलं की सगळ्यांना कळतं.

काही गोष्टी आम्ही मुद्दाम केल्या नाहीत. प्रत्येक वारकरी या क्षणी कुठे आहे हे नकाशावर दाखवा, अशी मागणी घरच्यांकडून आली. काळजी खरी आहे, पण माणसाचा असा माग काढत राहणं आम्हाला पटलं नाही आणि बॅटरीही दुपारपर्यंत संपते. त्याऐवजी गाडी लागली की दिंडीच्या मुक्कामाची जागा घरच्यांनाही दिसते.

समाजआरतीचंही तसंच. तळावर चोपदारांनी दंड वर केला की हजारो टाळ एकदम थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं, कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात, म्हणजे चोपदारांना कळतं. यात फोनने मध्ये येऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं. त्या वेळेत ॲप एकही सूचना वाजवत नाही. पुकारलेल्या वस्तूंची यादी आरतीनंतर येते, जे दूर उतरलेत त्यांच्यासाठी.

तारखा कोडमध्ये पक्क्या ठेवता येत नाहीत, हे नव्याने येणाऱ्या आमच्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. सगळं तिथीवर चालतं. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला की मुक्काम बदलतात, लोणंदला एखाद्या वर्षी दिवस वाढतो. 2025 ला आषाढी एकादशी 6 जुलैला होती, 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे 25 जुलैला. म्हणून दरवर्षी संस्थानचं वेळापत्रक हाती आल्यावरच आम्ही मुक्काम भरतो आणि दोघांनी वाचून ताळा घेतल्याशिवाय ते फोनवर सोडत नाही.

2027 च्या नाशिकच्या सिंहस्थासाठी असं काही करता येईल का, अशी विचारणा झाली आहे. तिथला प्रश्न निराळा. वारी सरकत राहते, कुंभात गर्दी एका घाटावर एका पर्वणीला येऊन साठते. तिथे माणसाला जागा शोधून देण्याइतकंच, कोणत्या वाटेने जाऊ नये हे वेळेवर सांगणं महत्त्वाचं. रामकुंडाच्या आसपासच्या गल्ल्या आम्ही सध्या पायी मोजतो आहोत, त्यानंतरच होकार कळवू.

ज्या दिंड्यांना पुढच्या वारीसाठी नोंद करायची आहे, त्यांनी वटपौर्णिमेच्या आत पालखी, रथापुढे की मागे, क्रमांक, गाव, महाराजांचं नाव आणि गाडीच्या चालकाचा फोन एवढं कळवावं. पैसे लागत नाहीत. चालकांना बटण दाखवायला आमचा माणूस तुमच्या गावी येईल.