मेटल डिटेक्टरचा खरा सिग्नल कसा ओळखायचा, तेही आपल्या पुण्याच्या जमिनीत

शेतात मंगळसूत्र पडलं, अंगठी गेली, ट्रॅक्टरची पिन सापडत नाही असे फोन आले की मी डिटेक्टर घेऊन जाते, आणि पहिलं बीप वाजलं की घरातले सगळे "सापडलं का, सापडलं का" करत गोळा होतात. म्हणून एकदा नीट लिहायचं होतं, बीप वाजलं म्हणजे वस्तू असतेच असं नाही, आणि आपल्याकडे तर अजिबातच नाही.

कारण आपली जमीन. पुणं आणि आजूबाजूचा सगळा मुलूख बेसाल्टवर बसलाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि त्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं जे चुंबकाला चिकटतं. खात्री करायची असेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुठल्याही ओढ्याच्या वाळूत फिरवा, काळी पूड चिकटून येते बघा. डिटेक्टरला ती पूड पण धातूसारखीच वाटते. परदेशातले व्हिडिओ बघून लोक सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक आणि खोल गोष्टीला वाजेल ते, फुल करून चालायला लागतात आणि मग मशीन अखंड किलबिलत राहतं. इथे सेन्सिटिव्हिटी थोडी खालीच ठेवायची, दोन-तीन इंच खोली गेली तरी चालेल पण मशीन शांत पाहिजे.

सगळ्यात आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे त्या जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनला सोडून द्यायला लावणं. जिथे खाली काही नाही अशी जागा बघून कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीवर खाली-वर करायची, आवाज सपाट होईपर्यंत. आणि हे एकदा करून भागत नाही, कारण एकाच वावरात वरच्या अंगाला मुरूम आणि खालच्या अंगाला काळी माती असते, पट्टा बदलला की परत बॅलन्स करायचं, पाणी दिलेल्या सरीत गेलात तरी परत. माझ्या मते निम्मे खोटे सिग्नल इथेच मरतात.

आता बीप आलंच, तर कुठला धातू असेल याचा अंदाज देणारा स्क्रीनवरचा नंबर मी शेवटी बघते. आधी त्याच जागेवर कॉइल छोट्या हाताने डावी-उजवी फिरवायची, मग स्वतः काटकोनात वळून उभं राहायचं आणि परत फिरवायची. वस्तू खरी असेल तर दोन्ही बाजूंनी त्याच ठिकाणी, तसाच गोल आवाज येतो. एकाच बाजूने वाजलं, किंवा जाताना वाजलं आणि येताना नाही, तर बहुतेक खिळा नाहीतर दगड. लांब खिळा आडवा पडला असेल तर त्याच्या लांबीच्या दिशेने फिरवताना दोन टोकांना दोनदा वाजतो, हे एकदा कानात बसलं की विसरत नाही. बैलांच्या पायातून पडलेल्या पत्र्या जुन्या वावरात भरपूर, त्या चपट्या आणि गंजलेल्या असतात आणि चपटं लोखंड फार फसवं, चांगल्या धातूचा आवाज काढतं. बिअरच्या बाटलीचं झाकण पण तसंच. तिथे एक युक्ती चालते, कॉइल हळूहळू मागे ओढत तिच्या पुढच्या टोकाखाली वस्तू आणायची, लोखंड असेल तर आवाज फाटतो, खरखरतो.

वीटभट्टीची जागा असेल तर भाजलेल्या विटांचे तुकडे पण वाजतात, कारण भाजल्यावर मातीतलं लोह जास्त चुंबकीय होतं. अशा वेळी कॉइल थोडी उचलायची, वीट किंवा दगड असेल तर आवाज लगेच विरतो, नाणं असेल तर हळूहळू बारीक होतो.

आणि कधी कधी जमिनीचा संबंधच नसतो. कॉइल हवेत स्थिर धरा, तरी टिकटिक चालू असेल तर वरून हाय टेन्शन लाइन जातीये, किंवा विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, किंवा खिशातला मोबाइल. मोबाइल लांब ठेवा, मशीनमध्ये सोय असेल तर फ्रिक्वेन्सी बदला.

सोन्याचं वेगळं आहे आणि इथे मला खरंच पोटतिडकीने सांगायचंय. पातळ सोनं आणि औषधाच्या गोळ्यांची स्ट्रिप यांचा नंबर जवळजवळ एकच येतो. म्हणून सोनं शोधताना डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या नंबरांचा आवाज बंद करायची सोय, वाढवून स्ट्रिपचं फॉइल गाळून टाकलं की मंगळसूत्र पण गाळलं जातं, ते वाजणारच नाही. नुसती बारीक चेन तर फारच अवघड, कारण मशीनला प्रत्येक कडी वेगळी दिसते. मंगळसूत्रात वाट्या वाजतात, म्हणून मी वाट्यांवरच भरवसा ठेवते आणि त्या शेतात प्रत्येक स्ट्रिप उचलते, कंटाळा करत नाही. आताची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला चिकटणारी, त्यामुळे त्यांचे नंबर पण उड्या मारतात, त्यावरून मशीन खराब झालं समजू नका.

किल्ल्यावर, लेण्यांपाशी चला म्हणणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे, आणि 1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे जमिनीत लपलेलं दहा रुपयांच्या वरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मी फक्त मालकाने बोलावलं तर त्याच्या रानात, त्याची हरवलेली वस्तू शोधायला जाते.

तुमच्याकडे असं काही हरवलं तर एवढंच करा, त्या तुकड्यात रोटाव्हेटर घालू नका, जिथे काम चाललं होतं तिथे चार काठ्या रोवून ठेवा आणि ओल उतरेपर्यंत गुरं तिकडे सोडू नका.