2080 ग्रॅम

मुलगी पूर्ण दिवसांची, पण वजन 2080 ग्रॅम. सिस्टरनी डिजिटल काट्यावरचा आकडा जसाच्या तसा कार्डावर उतरवला. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ढिगाने नोंदी बरोब्बर 2500 वर येऊन बसतात. त्याच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं, ही डब्ल्यूएचओची रेघ.

बघायला आलेल्या मावशी म्हणाल्या, "माय वं, कितलं बारीक शे!"

1800 च्या आत असती तर नवजात कक्षात ठेवावी लागली असती. ही ओढून पीत होती, श्वास नीट होता, म्हणून डॉक्टरांनी कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणं, शिकवून घरी सोडलं. त्याआधी वजन 1950 पर्यंत उतरलं, तेव्हा आमच्या पोटात गोळा. पहिल्या दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत घट चालते, हे कुणी आधी सांगत का नाही?

बायकोचं माहेर अमळनेर तालुक्यात. मे महिना, कूलर घोंघावतोय, आणि मी सदरा काढून लेकीला छातीशी उभी बांधून बसलेलो. तिच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट, एवढंच. मान एका बाजूला, नाक मोकळं. कूलरचा झोत मात्र दुसरीकडे. एवढ्या उन्हाळ्यात ऊब कशाला, असं मलाही वाटायचं. पण कूलरपुढे तिचे तळपाय गार पडायचे. सासूबाईंना जावई उघड्या अंगाने ओसरीवर बघून संकोच. "जावईबापू, राहू द्या, मी घेते." मग आशाताईंनीच सांगितलं, बापानेही घ्यायचं असतं. आई तेवढीच झोपते.

ओढता ओढता ती थकायची. मग काढलेलं दूध वाटी-चमच्याने. सासूबाईंचा जीव डब्याच्या दुधात अडकलेला, "जरा अंग धरील." डॉक्टर नको म्हणाले. पुण्याजवळच्या खेड्यांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांनी केलेल्या अभ्यासात बाळांचं सरासरी वजनच 2.7 किलोच्या आसपास निघालं होतं, आणि ती बारीक दिसणारी बाळं चरबी मात्र राखून होती. म्हणजे नुसतं फुगवून उपयोग नाही.

खरी कटकट वजनाची. बाळ दिवसाला 20-30 ग्रॅम वाढतं आणि अंगणवाडीच्या टांगत्या काट्यावर एक घर 100 ग्रॅमचं! चार दिवसांत काय कळणार? म्हणून उपकेंद्राचा डिजिटल काटा धरला. दर वेळी तोच काटा, कपडे काढून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी 2005-06 मध्ये साधारण 22 टक्के कमी वजनाची होती. 2015-16 ला 18, आणि 2019-21 लाही 18च. तेही कार्डावरून किंवा आईच्या आठवणीवरून. आईला काय आठवणार, "अडीच होतं."

2500 ओलांडलं तसं पोरगी छातीशी राहीना, लाथा मारून बाहेर यायला लागली. कांगारू तिथेच थांबवायचं असतं. आता लोहाचे थेंब चालू आहेत. शी काळी होते म्हणून सासूबाईंचा रोज फोन.