पाटीवर 'दलाल' लिहिलं तेव्हापासून: आमची वाटचाल

तिसरा धंदा सुरू करतोय असं घरात सांगितलं तेव्हा थोरल्या भावाने एकच शब्द उच्चारला, "दलाली?" त्या एका शब्दात त्याची सगळी काळजी आली. दलाल म्हटलं की दोन्हीकडून खाणारा, असंच लोकांच्या मनात असतं. मी दोन दिवस 'सल्लागार', 'मध्यस्थ' असे शब्द घोळवून पाहिले. शेवटी पाटीवर 'डोमेन नावांचे दलाल' असंच लिहिलं. डोमेन नाव म्हणजे वेबसाइटचा पत्ता. काम दलालीचं आहे, तर ते सरळ सांगून स्वच्छ करू, हे त्याच दिवशी ठरलं.

त्याआधी सोळा वर्षं छपाई केली आणि नंतर अकरा वर्षं वेबसाइट होस्टिंग, म्हणजे लोकांच्या वेबसाइट सर्व्हरवर चालू ठेवणं. या धंद्याचं बी मात्र छपाईच्या दिवसांतच पडलं होतं. दोन भागीदार नवी कंपनी काढत होते. कार्डं, लेटरहेड, पाकिटं, सगळ्यांवर वेबसाइटचा पत्ता. प्रूफ पास झालं, माल छापला, गठ्ठे बांधले. न्यायला आले तेव्हा धाकटा भागीदार काउंटरशी कार्ड हातात धरून नुसता उभा राहिला. नाव त्यांनी 'ठरवलं' होतं, नोंदवलं नव्हतं, आणि मधल्या आठ दिवसांत ते दुसऱ्याच कुणीतरी घेतलं होतं. पाच हजार कार्डांवर आम्ही दोन दिवस बसून नव्या पत्त्याच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. नव्या मालकाशी त्यांच्या वतीने नीट बोलणारं तेव्हा कुणी असतं तर, हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेला नाही.

होस्टिंगच्या धंद्यात तर हा प्रश्न रोजचाच. "आम्हाला हवं ते नाव कुणीतरी अडवून ठेवलंय, बघता का जरा?" मी बघायचो, ओळखीखातर, फुकट. दहा-बारा नावं अशीच मिळवून दिली. मग लक्षात आलं की होस्टिंगमध्ये आमची गिऱ्हाइकं मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त दराकडे चालली आहेत, पण या कामासाठी तीच परत येतात. होस्टिंगचा पसारा विकला आणि त्या पैशावर दीड वर्ष तग धरायचं असा हिशेब मांडला.

नवख्या वाचकासाठी थोडं मागे जातो. डॉट कॉममधलं पहिलं नाव, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ रोजी नोंदवलं गेलं. १९९५ पर्यंत नाव नोंदवायला पैसेही पडत नसत. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून दोन वर्षांना १०० डॉलर आकार सुरू झाला. तीन इंग्रजी अक्षरांची डॉट कॉम नावं एकूण १७,५७६ होऊ शकतात, आणि ती सगळी कधीच संपली. रोजच्या वापरातले छोटे शब्दही गेले. म्हणजे आज चांगलं नाव हवं तर बहुतेक वेळा ते कुणाकडून तरी विकत घ्यावं लागतं. ते 'कुणीतरी' शोधणं, त्याच्याशी बोलणं, भाव जुळवणं आणि नाव व पैसे दोन्ही आपापल्या जागी सुखरूप पोचवणं, हे आमचं काम.

सुरुवात चुकली. नावं विकायला ठेवणाऱ्या दोन-तीन मालकांची यादी घेऊन मी शेकडो कंपन्यांना एकाच मजकुराची पत्रं पाठवली. उत्तरं आली ती थोडी, आणि त्यातलं एक वकिलाचं. यादीतलं एक नाव त्यांच्या ट्रेडमार्कशी जवळजवळ जुळत होतं आणि मी ते त्यांनाच विकायला काढलं होतं. त्या रात्री मी यूडीआरपीचे नियम, म्हणजे आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये आणलेली डोमेन वादांची पद्धत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढले. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवलं व वापरलं आहे. या पद्धतीखालच्या पहिल्याच प्रकरणाचा निकाल जानेवारी २००० मध्ये लागला. त्यात कुस्तीच्या एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाचं डोमेन एकाने घेऊन तीनच दिवसांत त्याच कंपनीला १,००० डॉलरला देऊ केलं होतं. नाव कंपनीकडे गेलं. मी संबंधित मालकाला यादी परत केली आणि वकिलाला माफीचं पत्र लिहिलं. तेव्हापासून कुठलंही नाव हाती घेण्याआधी ट्रेडमार्कची नोंद तपासतो. साध्या शब्दाचा वापर त्याच्या साध्या अर्थाने होत असेल तर मालकाची बाजू भक्कम असते. दुसऱ्याने घडवलेल्या नावावर कमाई करायची असेल तर आम्ही दारातूनच नमस्कार करतो.

पहिला खरा व्यवहार खरेदीदाराच्या बाजूने होता. नाव एका शब्दाचं, वेबसाइटवर काही नाही. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला तेव्हापासून व्हूइजच्या, म्हणजे डोमेन कुणाचं ते सांगणाऱ्या जाहीर नोंदीतली मालकांची नावं-पत्ते बहुतांशी झाकलेली असतात. त्यामुळे वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहातली पानं उलगडत बसलो. अठरा वर्षांपूर्वीच्या एका पानाच्या तळाशी एक आडनाव आणि टपालाचा पत्ता सापडला. मी हाताने पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी फोन आला, निवृत्त शिक्षकांचा. पहिलंच वाक्य, "नाव विकायचं नाही." मी भाव बोललोच नाही. "सर, का ते सांगाल का?" एवढंच विचारलं.

अडचण पैशांची नव्हतीच. त्यांचा ईमेल पत्ता त्या नावावर होता. बँक, विमा, जुने विद्यार्थी, परदेशातली मुलगी, सगळे त्याच पत्त्यावर. नाव गेलं की त्यांचा पत्ताच पुसला जाणार होता. आम्ही तोडगा काढला: खरेदीदाराने सरांचा जुना पत्ता दोन वर्षं चालू ठेवायचा आणि तिथे येणारी टपालं नव्या पत्त्यावर वळवायची. हे करारात कलम म्हणून घातलं. सर लगेच तयार झाले, आणि भावही त्यांनी आमच्या अंदाजापेक्षा कमीच सांगितला. तो अंदाज खरेदीदाराने मला आधीच दिलेला होता, त्यामुळे मी सरांना स्पष्ट सांगितलं की मी समोरच्याच्या बाजूने बोलतोय, तुम्ही स्वतंत्र कुणाला तरी विचारा. त्यांनी मुलीला विचारलं, थोडी रक्कम वाढवली, आणि व्यवहार झाला.

पण हस्तांतराच्या दिवशी घाई आम्हाला नडली. खरेदीदाराच्या माणसाने नेमसर्व्हर, म्हणजे नावावरची वेबसाइट आणि मेल कुठे जायची ते सांगणारे सर्व्हर, आधी बदलले आणि टपाल वळवण्याची नोंद नंतर घातली. मधले दोन दिवस सरांना एकही मेल पोचली नाही. त्यातलं एक बँकेचं पत्र होतं. क्रम लावून देणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. सरांच्या घरी जाऊन मी माफी मागितली, बँकेतून पत्र पुन्हा मागवून दिलं, आणि त्या व्यवहाराचं कमिशन घेतलं नाही. आज प्रत्येक हस्तांतराला आमच्याकडे एक छापील तक्ता असतो. त्यावर सगळ्यात वर लिहिलेलं असतं: या नावावर कुणाकुणाच्या मेल चालतात? त्या हलल्याशिवाय पुढचं काही हलवायचं नाही. जुनी मेलपेटी नव्या मालकाच्या हाती पडली तर तिच्यावर येणारे पासवर्ड बदलण्याचे दुवेही त्याच्याच हाती पडतात, हे विक्रेत्याला आम्ही बसवून समजावतो.

पैशांच्या बाबतीत पद्धत ठरलेली आहे. खरेदीदार एस्क्रोकडे, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडे, रक्कम भरतो, ती जमा झाल्याचा निरोप आला की विक्रेता रजिस्ट्रारकडचं, म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडचं, कुलूप काढून ट्रान्सफर कोड देतो, नाव खरेदीदाराच्या खात्यात दिसलं की मग विक्रेत्याला पैसे सुटतात. आमच्या खात्यात दुसऱ्याचा एक रुपयाही राहत नाही. या क्षेत्रात कमिशन साधारण १० ते २० टक्के चालतं. आम्ही १५ घेतो, आणि एका व्यवहारात एकाच बाजूकडून. दोन्हीकडून घ्या असं सुचवणारे भेटले. भावाच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच द्यायचं होतं.

दुसरी मोठी डोकेदुखी म्हणजे मालकी. एकदा विक्रेती बाई अगदी खरी, दुकान त्यांचं, नाव त्यांनीच वीस वर्षं वापरलेलं. खातं उघडून पाहिलं तर डोमेन वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या नावावर, आणि तो परदेशी गेलेला. त्याचा शोध, त्याचं संमतीपत्र, खातं बदलणं, यात चार महिने गेले. आता भावाची बोलणी सुरू करण्याआधी आम्ही विक्रेत्याला सांगतो की तुमच्या खात्यातून डीएनएसमध्ये, म्हणजे नावाच्या तांत्रिक नोंदींत, आम्ही देऊ ती एक ओळ घालून दाखवा. ती ओळ बाहेरून दिसली की नाव त्यांच्या ताब्यात असल्याची पहिली खात्री होते. नोंदीत नाव कुणाचं, हे त्यानंतर बघतो.

मोठ्या सौद्यांच्या बातम्यांनी आमचं काम सोपं होत नाही. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला गेलं. त्यानंतर कितीतरी मालक तीन शब्दांचं, मध्ये आडवी रेघ असलेलं नाव घेऊन आले आणि तसाच आकडा बोलले. त्यांना नाराज न करता खरा भाव सांगणं हे मला कामातलं सगळ्यात नाजूक वाटतं. मी त्यांच्यासमोर तशाच नावांचे जाहीर झालेले व्यवहार ठेवतो आणि गप्प बसतो. काहीजण उठून जातात. वर्षभराने त्यातले काही परत येतात.

मुदत संपलेल्या नावांच्या बाबतीत आमचा एक नियम धंद्यातल्या काही जणांना पटत नाही. डॉट कॉमचं नाव मुदत संपल्या संपल्या सुटत नाही: रजिस्ट्रारनुसार ४५ दिवसांपर्यंत सवलत, मग ३० दिवस जादा पैसे भरून सोडवून घेण्याची मुभा, मग ५ दिवसांनी नोंद पुसली जाते. या काळात ते टिपायला बरेच जण टपलेले असतात. नाव सोडूनच दिलेलं असेल तर ते घेण्यात गैर काही नाही. पण चालतं दुकान, चालती संस्था असेल तर आम्ही आधी फोन करतो. एका वाचनालयाच्या बाबतीत असंच झालं. नावाचे पैसे ज्यातून जात त्या बँक कार्डाची मुदत संपलेली, आणि स्मरणपत्रं नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या मेलपेटीत साठलेली. सोडवायला नऊ दिवस उरले होते. फोनवरच्या बाईंना आधी ही फसवणूक वाटली. मग त्यांनी तिथेच रजिस्ट्रारचं खातं उघडलं आणि आम्ही फोनवर थांबलो, पैसे भरल्याची पावती येईपर्यंत.

आता आम्ही चौघं आहोत. पहिल्या वर्षी पाच व्यवहार झाले होते, गेल्या वर्षी सत्तावीस. थोरला भाऊ हल्ली दुपारी ऑफिसात येतो आणि करारांची मराठी तपासतो. कलमं छोटी आणि सोपी ठेवण्याचा आग्रह त्याचाच.

आज टेबलावर जे प्रकरण आहे त्यात पैसे एस्क्रोला जमा झालेत आणि कोडही आलाय. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नाव एकदा गेलं की बहुतेक ठिकाणी ६० दिवस पुढे हलवता येत नाही, म्हणून कुठे न्यायचं ते खरेदीदाराकडून सकाळीच लेखी घेतलं. तक्त्यावर विक्रेत्याच्या अकरा मेलपेट्या लिहिल्या आहेत. सात हलल्या. उरलेल्या चार संध्याकाळपर्यंत होतील, तोवर नेमसर्व्हरला हात लावायचा नाही असं मी फळ्यावर लिहून ठेवलंय.