कबड्डीतला दम मीटरमध्ये मोजू नका

अमेरिकन फुटबॉलमधला लाइनमन एका डावात जेमतेम दोन-तीन मीटर सरकतो. डाव चार-सहा सेकंदांचा, आणि तेवढा वेळ समोरच्या सव्वाशे किलोच्या गड्याला रेटायचं. तेवढ्यात कडेचा, चेंडू झेलायला पळणारा रिसीव्हर तीस मीटर पळून आलेला असतो. नुसतं अंतर पाहिलं तर लाइनमनने विश्रांतीच घेतली म्हणायची! एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, खांद्याच्या पॅडमधले रेडिओ टॅग सेकंदाला १० वेळा खेळाडूची जागा टिपतात, पण धडक किती बसली हे नुसत्या जागेवरून कळत नाही. त्यासाठी अ‍ॅक्सेलेरोमीटर, म्हणजे वेगातला बदल मोजणारा सेन्सर लागतो.

नाशिकमध्ये कुणी कबड्डी संघासाठी पाठीवर बनियनमध्ये बसवायचं, जीपीएस आणि अ‍ॅक्सेलेरोमीटर असलेलं यंत्र घेणार असेल, तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण कबड्डीपटूची गत लाइनमनसारखीच आहे.

गोल्फ क्लब मैदानावर धावण्याचा सराव असेल तर जीपीएस कामाचं. सुरू करून १०-१५ मिनिटं मोकळ्या आभाळाखाली ठेवायचं, झाडाखाली नाही. कबड्डीच्या अंगणात मात्र ते उपयोगाचं नाही. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, निदानरेषा आणि बोनस रेषेत अंतर १ मीटर, आणि जीपीएसची चूकच तेवढी असू शकते. त्यात पावसाळ्यात सराव पत्र्याखाली गेला की उपग्रहच दिसत नाहीत. तेव्हा जीपीएसचे रकाने सरळ बाजूला ठेवा आणि १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या अ‍ॅक्सेलेरोमीटरकडे बघा.

तो बरोबर चालतोय का, हे टेबलावर तपासता येतं. यंत्र सपाट ठेवलं की उभ्या अक्षावर १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढा आकडा), बाकी दोन्हींवर शून्याच्या आसपास. उलटं केलं की उणे १. प्रत्येक बाजूवर एकदा ठेवून बघा. आकडा दर वेळी एकाच बाजूला सरकलेला दिसला तर ते यंत्र दुरुस्तीला द्या. चढाईपटू वाकून खेळतो, म्हणजे पाठीवरचं यंत्र तिरकं होतं आणि गुरुत्वाकर्षण दुसऱ्या अक्षात शिरतं. म्हणून एकट्या उभ्या अक्षावर भरवसा नको. लागोपाठच्या दोन नोंदींतला फरक तिन्ही अक्षांवर काढायचा, वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. हे सगळं जोडत गेलं की अंगावरचा भार मिळतो. कंपन्यांची सूत्रं थोडी वेगळी असतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवू नयेत. यंत्रावर खेळाडूचा नंबर चिकटवा, रोज तेच त्याला द्या.

सगळ्यात जास्त गोंधळ बनियनमुळे होतो. ते सैल असलं की यंत्र पाठीवर आपटतं आणि साध्या धावण्यातही आलेखात धडकेसारखे सुळके दिसतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये वरचं पॅड यंत्रावर आदळून हेच होतं. शंका आली तर व्हिडिओ लावा: सुळक्याच्या क्षणी पकड दिसली नाही तर तो सुळका काढून टाका. यासाठी सरावाच्या सुरुवातीला सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर एकदम तीन उड्या मारायच्या, म्हणजे व्हिडिओ आणि नोंद जुळवता येते. पूर्ण पकडीच्या सरावात यंत्र घालायचं तर त्याभोवती फोम हवाच, कारण पोरं पाठीवर पडतात.

आता खरी अडचण. कोपऱ्यावरच्याने घोटा धरला, दोघांनी साखळी आवळली, चढाईपटू मध्यरेषेकडे जीव खाऊन ओढतोय, पण कुणीच हलत नाही. स्नायू पेटलेले, आणि सेन्सरचा भार जवळपास शून्य! यंत्राला हालचाल कळते, रेटा कळत नाही. हृदयाचे ठोकेही इथे मदतीला येत नाहीत. चढाई ३० सेकंदांची, ठोके मागून चढतात, आणि पकडीत छातीचा पट्टा सरकतो तो वेगळाच. म्हणून व्हिडिओवरून पकडीचे सेकंद मोजून वेगळ्या रकान्यात लिहायचे.

त्याच्या जोडीला सरावानंतर अर्ध्या तासाने विचारायचं, शून्य ते दहात किती दमलास? उत्तर गुणिले सरावाची मिनिटं. सात आणि ६० मिनिटं, म्हणजे ४२०. फक्त एकेकट्याला बाजूला घेऊन विचारा, बाकीच्यांसमोर चढाईपटू हमखास तीनच सांगतो.